दिल्लीत राजदूत, मोगादिशूत फरारी

सोमालियाचे जनरल मोहम्मद फराह ऐदीद यांचे लष्करी शिक्षण इटलीत आणि सोव्हिएत रशियात झाले, म्हणजे शीतयुद्धाच्या दोन्ही गोटांत. १९६९ मध्ये सियाद बारे यांनी सत्ता बळकावली आणि लवकरच ऐदीद यांची रवानगी तुरुंगात झाली, तीही सुमारे सहा वर्षांसाठी. सुटकेनंतर ते पुन्हा सैन्यात रुजू झाले. १९८० च्या दशकात बारे यांनी त्यांना राजदूत म्हणून भारतात धाडले. डोईजड अधिकाऱ्याला सन्मानाने दूर ठेवण्याची ही जुनीच सरकारी युक्ती. इथे मात्र ती फसली. परतलेल्या ऐदीद यांच्या बंडखोर फौजांच्या रेट्यामुळे जानेवारी १९९१ मध्ये बारे यांना राजधानी मोगादिशू सोडून पळावे लागले.

त्यानंतर सत्तेच्या वाटणीवरून ऐदीद आणि प्रतिस्पर्धी नेते अली महदी यांच्यात जुंपली. ही यादवी शमवायला आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतील २४ पाकिस्तानी शांतिसैनिक जून १९९३ मध्ये मारले गेले. संयुक्त राष्ट्रांनी ऐदीद यांना जबाबदार धरून त्यांच्यावर २५,००० डॉलरचे इनाम लावले. ३ ऑक्टोबरला अमेरिकी कमांडो त्यांच्या साथीदारांना पकडायला उतरले. दोन हेलिकॉप्टर पडली, १८ अमेरिकी सैनिक आणि शेकडो सोमाली ठार झाले. ऐदीद शेवटपर्यंत हाती लागले नाहीत.

ऑगस्ट १९९६ मध्ये गोळीच्या जखमांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यांची गादी मुलगा हुसेन याने घेतली. हा हुसेन अमेरिकेच्या मरीन दलाचा माजी सैनिक. १९९२ मध्ये तो अमेरिकी फौजेबरोबरच मोगादिशूत आला होता!