पकडून नेला, तरी बिबट्या उरतोच!

‘एवढा बिबट्या पकडून लांब नेऊन सोडा हो!’ उसाच्या पट्ट्यातल्या गावागावांतून हीच मागणी ऐकू येते. त्या मागणीत नवल ते काय? दिवेलागणीला पोर अंगणातून आत यायला जरा उशीर झाला, तरी आईचा जीव थाऱ्यावर राहत नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले, तेव्हा तर सगळा पुणे जिल्हा हळहळला.

पण पकडून दुसरीकडे सोडल्यावर पुढे काय होतं, हे एका बाईनं चिकाटीनं मोजून पाहिलं. त्या म्हणजे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय. जुन्नर भागात फेब्रुवारी २००१पासून बिबटे पकडून आसपासच्या जंगलांत सोडायला सुरुवात झाली. असे २९ बिबटे सोडले गेले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. पुढच्या काळात ते १७वर गेले! शंभर हल्ल्यांत १८ जीवघेणे ठरत होते, ते ३६ झाले. विद्याताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११मध्ये हे शोधनिबंधातून जगापुढे मांडलं.

असं का व्हावं? बिबट्याला स्वतःचा इलाखा असतो. अनोळखी मुलखात सोडला की तो बिथरतो, घरची वाट शोधत वस्त्यांमधून भटकतो. इकडे त्याची रिकामी जागा दुसरा बिबट्या धरतो. म्हणजे दोन्हीकडच्या आयांच्या जिवाला घोर!

२००९मध्ये आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या एका वयस्क बिबट्याला वर काढलं, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. महिनाही झाला नसेल, हा गडी महामार्ग आणि रेल्वेचे रूळ ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी उद्यानाच्या परिसरात पोहोचला! हाच तो ‘आजोबा’. २०११मध्ये वाहनाच्या धडकेत तो गेला. त्याच्यावर २०१४मध्ये मराठी चित्रपटही आला, त्यात उर्मिला मातोंडकर होती.

अकोले तालुक्यात तर जंगल नसलेल्या शेतशिवारात, रात्री आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे लावून या मंडळींनी बिबटे मोजले. प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, त्यावरून ओळख पटते. बिबट्यांची विष्ठाही तपासली. त्यातून कळलं, की त्यांच्या खाण्यात ८७ टक्के पाळीव आणि गावातलीच जनावरं. सगळ्यांत जास्त कुत्री, ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच. शेळी रात्री गोठ्यात बंद असते, कुत्रं मात्र उकिरड्यावर मोकळं हिंडतं!

मैत्रिणींनो, इथंच आपलं काम सुरू होतं. उष्टं-खरकटं घराजवळ टाकू नका. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो. गोठ्याला दार नि वरून जाळी हवीच. अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं सोडू नका. बाहेर पडायचंच तर बॅटरी हातात घेऊन, मोठ्यानं बोलत जा. उसाच्या कडेला एकटीनं वाकून बसणं टाळा. म्हणून तर घरात शौचालय हवं. ऊसतोडणीत पिल्लं सापडली तर गर्दी करू नका, हात लावू नका. त्यांची आई जवळच असते आणि पिल्लं हरवली की ती चवताळते. वनखात्याला १९२६ क्रमांकावर कळवा.

बिबट्या आज जगभर धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. पण माणूस मारणाऱ्या बिबट्याला आवरायलाच हवं, ते वनखात्याचं काम आणि तिथं हयगय नको. मात्र दिसला की पकडा, हा हट्ट धरण्याआधी जुन्नरचे ४ आणि १७ हे आकडे आठवा. पुढच्या ग्रामसभेत पिंजरा मागाल, तेव्हा गावाच्या कचऱ्याची आणि शौचालयांची गोष्टही काढाल ना?