आधी वाण ओळखा, मग भेग जोडा

परभणीहून रेल्वेने मानवत रोडकडे निघालं की वाटेत आमचं पेडगाव लागतं. इथे माझ्या पत्र्याच्या शेडसमोर थांबणाऱ्या गाड्यांच्या पाटीवर बहुतेक वेळा एमएच-22 असतं आणि गाडीने पंधरा वर्षं केव्हाच ओलांडलेली असतात. मारुती 800, ओम्नी, जुनी अल्टो, इंडिका. इंजिन चांगलं चालत असतं, पत्रा ठोकायला डेंटर मिळतो. घोडं अडतं ते प्लास्टिकपाशी. बंपरचा कोपरा फाटलेला, हेडलाइटचा कान तुटलेला, एसीच्या झडपेची पाती गळालेली. मारुती 800 चं उत्पादन 2014 च्या जानेवारीत थांबलं. अशा गाडीचा ब्रेक किंवा क्लच अजून सहज मिळतो, पण आतल्या झाकणाचा एखादा तुकडा हवा असेल तर भंगारवाल्याचीच पायरी चढावी लागते.

मी हे काम गाड्यांवर शिकलो नाही. आधी फवारणीच्या पंपाच्या टाक्या, तुषार सिंचनाचे पाइप, पाण्याचे ड्रम जोडायचो. पंपाची टाकी साधी वस्तू वाटते, पण भेग राहिली तर औषध थेट फवारणाऱ्याच्या पाठीवर उतरतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हापासून वरवर चिकटवलेली टाकी मी कुणाच्या हाती दिलेली नाही. जोड कसा असावा, हे मला त्या टाक्यांनी शिकवलं.

गाडी घेऊन येणारा माणूस हमखास सांगतो, "भाऊ, चांगल्यातला गोंद लावला होता, आठवड्यात सुटला." मी तो तुकडा उलटा करून त्याला दाखवतो. दोष गोंदाचा नसतो. गाडीत एकच प्लास्टिक नसतं. कापसासारखे त्याचेही वाण आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. काळा बंपर, चाकाच्या वरचा आतला पडदा, काच धुण्याच्या पाण्याची बाटली ही बहुधा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे पीपीची. समोरची जाळी, आरशाचं कवच, डॅशबोर्डमधल्या चौकटी बऱ्याचदा एबीएसच्या. हेडलाइटची काच नव्या धाटणीच्या गाडीत पॉलिकार्बोनेटची, मागच्या लाल दिव्याची ॲक्रिलिकची, रेडिएटरच्या टाक्या काचतंतू घातलेल्या नायलॉनच्या. पीपीचा पृष्ठभाग मेणासारखा असतो. त्यावर गोंद पसरतच नाही, मग धरणार काय?

वाण ओळखायची पहिली जागा म्हणजे त्या भागाची पाठ. तिथे दोन बाणांच्या टोकांमध्ये इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. 'पीपी+ईपीडीएम-टी20' असेल तर ते रबर मिसळलेलं पीपी, त्यात वीस टक्के शंखजिरे. 'पीए66-जीएफ30' म्हणजे नायलॉन, त्यात तीस टक्के काचेचे तंतू. खूण नसेल, किंवा ती झिजून गेली असेल, तर न दिसणाऱ्या कडेचा बारीक कीस काढून पाण्यात टाका. निव्वळ पीपी पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं. एबीएस आणि नायलॉन बुडतात. पण शंखजिरे भरपूर असलेलं पीपीसुद्धा बुडतं, म्हणून मी तिथेच थांबत नाही. लपलेल्या कडेवर ॲसिटोनचा एक थेंब टाकतो. एबीएस लगेच चिकट होतं, पीपीला काहीही होत नाही. ओळख पटल्याशिवाय मी सोल्डरिंग आयर्न गरम करत नाही. डॅशबोर्डचं मऊ आवरण पुष्कळदा पीव्हीसीचं असतं आणि पीव्हीसी जास्त तापलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा, घातक वायू निघतो.

मग आमचं ऊन. मे महिन्यात इथे पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत डॅशबोर्ड सत्तर अंशांच्या घरात तापतो. उन्हातले अतिनील किरण प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतात. पृष्ठभाग पांढुरका पडतो, बोट फिरवलं की भुकटी लागते, केसासारख्या चिरा उमटतात. बंपर काळा ठेवण्यामागे कारण आहे. काजळी हे किरण स्वतःत शोषून घेते आणि आतलं प्लास्टिक वाचवते. दुरुस्तीआधी मी भेगेपासून वीतभर दूर अंगठ्याने दाबून बघतो. तिथेही चिरा उघडल्या तर सरळ सांगतो, काका, याला हात लावण्यात अर्थ नाही. माझा जोड टिकेल आणि शेजारून नवी भेग निघेल.

पीपीच्या बंपरचं खरं काम पाठीमागून होतं. आधी साबणाने धुवायचा. चमक आणणारं पॉलिश वर्षानुवर्षं लावलेलं असतं, त्यातलं सिलिकॉन निघेपर्यंत आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. पेट्रोल मात्र नाही, पुढे तापलेलं हत्यार तिथेच येणार असतं. मग भेगेचं टोक शोधायचं. डोळ्याला दिसतं त्याच्याही थोडं पुढे ते गेलेलं असतं. उजेडात धरून किंचित वाकवलं की पांढरी रेघ उमटते. त्या टोकाला तीन मिलीमीटरचं गोल भोक पाडतो. ताण भेगेच्या अणकुचीदार टोकावर एकवटतो म्हणून ती पुढे पळते. गोल भोकाच्या कडेवर तोच ताण वाटला जातो. एवढ्याशा भोकाला गिऱ्हाईक नाराज होतं, पण ते चुकवलेला जोड मी पुढच्या उन्हाळ्याच्या भरवशावर देऊ शकत नाही.

पुढच्या बाजूने कडा जुळवून टेप लावतो. बंपर वाकडा झाला असेल तर आधी गरम पाण्याने नरम करून आकारात आणतो, नाहीतर जोडही वाकडाच बसतो. पाठीमागून भेगेवर इंग्रजी व्हीसारखी खाच काढतो, जाडीच्या निम्म्याहून थोडी खोल. दोन-चार ठिकाणी आयर्नने टाके घेतो. मग स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी भेगेवर आडवी ठेवून तापल्या टोकाने दाबायची, प्लास्टिक तिच्या छिद्रांतून वर येईपर्यंत. साधी लोखंडी जाळी वापरली तर आत ओल शिरून गंजते. वरून त्याच वाणाच्या प्लास्टिकची पट्टी वितळवून भरायची. पट्टी विकत आणावी लागत नाही, भंगारातल्या दुसऱ्या पीपी बंपरमधून कापता येते.

इथे घाई करणाऱ्याचं काम वाया जातं. पीपी साधारण 160 ते 165 अंशांना वितळतं आणि साधं आयर्न त्याच्या दुप्पट तापतं. धूर निघाला म्हणजे प्लास्टिक जळलं, आणि जळलेल्या प्लास्टिकमध्ये ताकद उरत नाही. म्हणून तापमान कमी-जास्त करता येणारं आयर्न घ्यावं, दार-खिडकी उघडी ठेवावी आणि नाक बाजूला. पट्टी आणि बंपर दोन्ही एकाच वेळी ओले दिसले पाहिजेत. एक वितळलं आणि दुसरं कोरडं राहिलं तर तो नुसता थर बसतो, नखाने निघतो. भरून झालं की आपोआप निवू द्यावं. पाणी मारलं तर जोड आक्रसून खेचला जातो.

समोरून दाणेदार काळा बंपर असेल तर माझं मत स्पष्ट आहे, वण राहू द्या. रंगवलेला असेल तर लवचीक पुट्टी आणि प्लास्टिकचा प्रायमर लागतो. पत्र्यावर भरतात ती लांबी कडक असते, बंपर लवला की ती फुटून पडते.

एबीएसचं काम त्या मानाने सुखाचं. त्याच भागाचा कीस ॲसिटोनमध्ये विरघळवला की घट्ट लापशी होते. ती भेगेत भरून रात्रभर ठेवली की दोन्ही बाजू वितळून एकजीव होतात. ॲसिटोन फार लवकर पेट घेतं, त्यामुळे चूल, बिडी, गरम आयर्न लांब. हेडलाइटचा एबीएसचा कान तुटला असेल तर सेकंदात चिकटणारा गोंद आणि खाण्याचा सोडा यांचे थर देऊन त्याला जाडी आणता येते. सोडा पडताच गोंद दगडासारखा कडक होतो आणि तापतो, म्हणून बोट दूर ठेवावं.

काही कामं मी परत पाठवतो. शेजारच्या गावच्या एक शिक्षिका रेडिएटर घेऊन आल्या होत्या, वरची नायलॉनची टाकी चिरलेली. म्हणाल्या, "बंपर जोडलात, मग हे का नाही, भाऊ?" मी म्हटलं, "मॅडम, बंपर सुटला तर लोंबकळेल. ही सुटली तर शंभर अंशांच्या आसपासचं पाणी दाबाखाली उसळेल आणि इंजिन बसेल ते वेगळंच." त्यांनी टाकी बदलून घेतली. ब्रेक ऑइलची बाटली आणि सीट बेल्टचे भाग यांनाही माझा नकार असतो. एअरबॅगवरच्या झाकणाला तर कुणीच आयर्न लावू नये. त्याच्या आतल्या बाजूला ठरलेल्या रेषेवर फाटण्याची सोय असते. तिथे जोड दिला तर पिशवी अडते किंवा तुकडा तोंडावर येतो. नव्या गाडीत चालकाची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून सक्तीची झाली, पण त्याआधीच्याही कित्येक गाड्यांत ती आहे. स्टीअरिंगवर खूण बघितल्याशिवाय हात लावू नका.

पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायला निघालेली माणसं पिवळ्या हेडलाइटसाठी येतात. ते पॉलिकार्बोनेटच्या वरचं संरक्षक आवरण उन्हाने गेल्याचं लक्षण. ओल्या पॉलिश पेपरने, आधी आठशे-हजार, मग दोन हजार नंबर, असं घासून पॉलिश केलं की काच स्वच्छ होते. मात्र त्यावर अतिनील किरण अडवणारा नवा थर दिला नाही तर काही महिन्यांत ती पुन्हा पिवळी पडते. काच चिरलेली असेल तर घासण्यात वेळ घालवू नका, आत पाणी शिरून परावर्तक जातो.

आणि काही तुटलं तर रस्त्यावरचे तुकडे गोळा करून पिशवीत घालून आणा, बोटाएवढे असले तरी. आकार त्यांच्यावरूनच जुळतो, आणि जोडायला त्यांच्याइतकी अचूक वाणाची पट्टी मला भंगारातही सापडत नाही.