बिनसावलीचं मुसळ

"काय गं, तुझी धाकटी जाऊ कॉलेजात शिकवते तरी काय?" असं कुणी विचारलं, की पूर्वी मी "फिजिक्स" एवढंच सांगून मोकळी व्हायचे. पुढचं कुणी विचारू नये, असंच वाटायचं. मी पडले बी. ए. मराठीवाली. घर, बचतगट, गावातली चार कामं यात माझा दिवस जातो. विज्ञानाशी संबंध म्हणाल तर कुकरच्या शिट्टीपुरता! पण मैत्रिणींनो, आता मला त्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. ते कसं, तेच आज सांगायचंय.

आमचं न्हावरे शिरूर तालुक्यातलं. शिरूर-चौफुला रस्त्यावरचं, उसाच्या पट्ट्यातलं गाव. जाऊबाई या घरात आली ती एम. एस्सी. होऊन. लग्नानंतर दोन वर्षांनी जवळच्या एका कॉलेजात तिला काम मिळालं, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढ्याचेच पैसे. सुट्टी लागली की पैसे बंद. दरवर्षी नव्यानं अर्ज, नव्यानं मुलाखत. झालेल्या तासांचे पैसेसुद्धा चार-चार महिने हातात पडत नाहीत. आपल्या राज्यात अशी कितीतरी शिकलेली मुलं-मुली वर्षानुवर्षं 'तासावर' आहेत. एसटीच्या भाड्याचा हिशेब घातला की काही महिने तिच्याकडे उरायचं ते फक्त समाधान. आणि समाधानावर किराणा येत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

मे २०२३ मधली गोष्ट. सुट्टी लागलेली, पैसे थकलेले, पोरगं तीन वर्षांचं. एका संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता ती म्हणाली, "ताई, जूनपासून नाही जायचं मी. एवढं शिकले, पण सगळं मुसळ केरात." सासूबाई शेजारी लसूण सोलत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मी काय म्हणत होते मग?" मला काही बोलायला सुचेना. तिचं चूक तरी काय होतं?

तीन-चार दिवसांनी तीच म्हणाली, "रविवारी तुमच्या गटाच्या बायका येतात ना? जाता जाता त्यांना एक गंमत दाखवते. त्या दिवशी आपल्या गावावर सूर्य बरोबर डोक्यावर येणार आहे."

१४ मे, रविवार. हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या. बाराच्या आधीच तिनं अंगणात मुसळ उभं केलं. ते तसूभरही कलू नये म्हणून शेजारच्या गवंडीभाऊंकडून ओळंबा आणलेला. बाराला सावली पडली होती चार-पाच बोटं, मावळतीच्या बाजूला. दर पाच मिनिटांनी ती सावलीच्या टोकाला खडूनं खूण करायची. खुणा बुंध्याकडे सरकायला लागल्या, तशा बायका ओट्यावरून उठून पुढे आल्या. घड्याळात साडेबाराला एखाद-दुसरं मिनिट कमी होतं, आणि सावली गेली! मुसळ उभं, ऊन रखरखीत, पण सावली नाही. तिनं एक पोकळ पाइप तसाच उभा धरला, तर खाली जमिनीवर उजेडाचं गोल नाणं पडलं. "वर सूर्याकडे कुणी बघायचं नाही, सगळं खालीच बघा," हे ती सारखी बजावत होती.

एकीनं भीत भीत विचारलं, "आपली सावली न दिसणं वाईट असतं ना गं?" जाऊ हसून म्हणाली, "काकू, सावली कुठे गेली नाही. तुमच्या पायाखालीच आहे."

आणि मग सासूबाईंनी प्रश्न टाकला, "डोक्यावर सूर्य म्हणजे बारा. मग तुझ्या घड्याळात साडेबारा कसे? घड्याळ खोटं, का सूर्य खोटा?"

त्या प्रश्नानं जाऊबाईचा चेहरा असा काही खुलला म्हणून सांगू! तिथेच मातीत काडीनं भारताचा नकाशा काढून ती शिकवायला बसली. साऱ्या देशाचं घड्याळ उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावर लावलंय, साडेब्याऐंशी अंशांवर. आपण त्याच्या पश्चिमेला साधारण आठ अंश. एक अंश सरकायला सूर्याला चार मिनिटं लागतात. आठ चोक बत्तीस, म्हणून तो आपल्याकडे अर्ध्या तासानं उशिरा येतो. पृथ्वीची चाल वर्षभर एकसारखी नसते, त्यानं दोन-चार मिनिटं इकडेतिकडे होतात. "म्हणजे दोघंही खरे, आत्या. घड्याळ देशाचं, सूर्य आपल्या अंगणाचा."

पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला, म्हणून सूर्य कर्कवृत्तापर्यंत वर जातो आणि परत फिरतो. आपलं गाव त्या वाटेवर. त्यामुळे जाताना एकदा आणि येताना एकदा, असा वर्षातून दोनदाच तो बरोबर डोक्यावर येतो. दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे, तिथे असा दिवस कधीच येत नाही. हे ऐकून आमच्या बायकांना काय आनंद झाला! दिल्लीला नाही आणि न्हावऱ्याला आहे, अशा गोष्टी असतात तरी किती?

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की ही पोर वर्गात काय करत असेल. आणि ती घरी बसली तर काय जाईल, तेही कळलं. तिचे पैसे जातील ते जातील. पण खेड्यांतून एसटीनं येणाऱ्या त्या पोरींना आकाश उलगडून सांगणारी बाई जाईल.

रात्री सासूबाईच म्हणाल्या, "पोराला मी बघते. तुझे तास असतील त्या दिवशी जात जा." लसूण सोलतानाच म्हणाल्या, हं!

त्याच वर्षी १७ जुलैला गणितज्ज्ञ मंगला नारळीकर गेल्या. त्यांच्यावरचे लेख मी जावेला वाचून दाखवले. मुंबई विद्यापीठात गणितात एम. ए.ला पहिल्या आलेल्या बाई. लग्न झालं, केंब्रिजचा संसार, परत भारत, तीन मुली, घरातली वडीलधारी माणसं. पीएच. डी. झाली ती १९८१ साली. पुढे मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांत जमेल तसं शिकवत राहिल्या, मुलांसाठी 'गणितगप्पा' लिहिलं. त्यांची आणि आमची परिस्थिती एक नाही, हे मला कळतं. पण शिकवणं सलग झालं नाही म्हणून ते कमी ठरत नाही, एवढं मात्र त्यांच्याकडे बघून पटलं. जाऊ म्हणाली, "खरंय ताई, पण पैसे वेळेवर मिळाले असते तर आणखी पटलं असतं!" तिचंही खरंच.

जुलैअखेरीस दुसरा बिनसावलीचा दिवस आला. सासूबाई सकाळपासून अंगणात. पण आभाळ असं भरून आलेलं, की सूर्याचाच पत्ता नाही. "तुझा सूर्यसुद्धा तासावरचा दिसतोय," त्या म्हणाल्या, आणि आम्ही तिघी पोट धरधरून हसलो.

पुढच्या फेब्रुवारीत विज्ञान दिनाला आम्ही जीप करून जुन्नर तालुक्यात खोडदला गेलो. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ती रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. एकूण ३० तबकड्या, एकेक ४५ मीटर व्यासाची, पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. "केवढ्या पराती! पण जाळीच्या का?" सासूबाईंचा प्रश्न तयारच. जावेनं सांगितलं, या उजेड बघत नाहीत, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. त्या लहरी एवढ्या लांब असतात की जाळीतून निसटत नाहीत. वारा मात्र आरपार जातो, म्हणून तबकडीवर जोर येत नाही. शिवाय ढग असोत की दिवस असो, काम चालूच. "हे बरंय, आपल्यासारखं," सासूबाई म्हणाल्या.

जाऊबाई अजून तासावरच आहे. कायम जागेसाठी अर्ज करतेय, पैशांसाठी पाठपुरावा करतेय, आणि त्यात तिच्यासोबत मीही असते. ते भांडण संपलेलं नाही. पण ते सोडून द्यायचं नाही, एवढं आमच्या घरात ठरलंय.

मैत्रिणींनो, तुम्हीही मुसळ उभं करून बघा. कोल्हापूरकडे मेच्या पहिल्या आठवड्यात, सोलापूरला १० तारखेच्या आसपास, पुणे भागात १३-१४ला, नाशिकला २०च्या सुमारास, नागपूरकडे शेवटच्या आठवड्यात. ओळंबा लावायला विसरू नका. आणि गावात अशी एखादी तासावरची बाई असेल, तर तिलाच बोलवा समजावून सांगायला. चहा मात्र तुम्ही करा!