जुन्या मोटारीस शक्तिसाह्य सुकाणू : गुणोत्तराचा प्रश्न

उभ्या मोटारीचे सुकाणूचक्र फिरविताना चालकाच्या हातांना किती जोर लावावा लागतो, हे मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते : पुढच्या चाकांवरील भार आणि सुकाणूयंत्रणेचे गुणोत्तर. भार गाडीबरोबर येतोच. गुणोत्तर मात्र अभियंत्याच्या हाती असते. ते मोठे ठेवले तर चक्र हाताला हलके लागते, परंतु तेच वळण घेण्यासाठी त्याचे अधिक फेरे करावे लागतात. शक्तिसाह्य सुकाणू, म्हणजे बोलीतील पॉवर स्टिअरिंग, रूढ होण्यापूर्वीच्या गाड्यांत हा व्यवहार चालकाच्या दंडांतील बळ गृहीत धरून जुळविलेला असे. अशा गाडीस आज शक्तिसाह्य बसविणे म्हणजे केवळ एक पंप किंवा विद्युत मोटर वाढविणे नव्हे. ज्या गृहीतावर इतर मापे ठरली होती ते गृहीतच बदलणे होय. रूपांतर फसते ते बहुधा ही गोष्ट नजरेआड झाल्याने.

उदाहरणादाखल फोर्ड कंपनीची मस्टँग ही अमेरिकन गाडी घेता येईल. ती १७ एप्रिल १९६४ रोजी लोकांपुढे आली आणि तिच्या पहिल्या पिढीतील पुष्कळ गाड्या हौशी मालकांनी आजही चालत्या ठेवल्या आहेत. १९६५ च्या मस्टँगमध्ये फिरत्या गोळ्यांची सुकाणूपेटी असे. साध्या, हातबळावर चालणाऱ्या पेटीचे गुणोत्तर १९.९ : १ होते, शक्तिसाह्य घेतल्यास १६ : १ ची पेटी मिळे. शिवाय तीच १६ : १ ची पेटी, साह्याविना, वेगाने वळणे घेण्याची हौस असलेल्या ग्राहकासही मिळत असे. चपळता हवी असेल तर एकतर साह्यासाठी जादा पैसे मोजावेत, नाहीतर हाताला कष्ट द्यावेत, असा हा सरळ सौदा होता. रूपांतराचा विचार करणाऱ्याने कंपनीची ही तीन पर्यायांची मांडणी प्रथम नीट पाहावी. पुढच्या सर्व प्रश्नांची मुळे तिच्यात आहेत.

कष्टांचा अंदाज घेणे फारसे अवघड नाही. उभ्या गाडीचे चाक जागीच वळविण्यास लागणारा पीळ काढण्यासाठी गॉफ यांच्या नावाने ओळखले जाणारे एक अनुभवसिद्ध सूत्र आहे : चाकावरील भाराच्या घनाला टायरमधील हवेच्या दाबाने भागावे, त्याचे वर्गमूळ घ्यावे आणि त्यास घर्षणांकाच्या एक तृतीयांशाने गुणावे. आठ सिलिंडरांच्या मस्टँगमध्ये पुढच्या आसावर ७५० किलोग्रॅम, म्हणजे प्रत्येक चाकावर सुमारे ३६८० न्यूटन भार आहे, हवेचा दाब १६५ किलोपास्कल आणि घर्षणांक ०.७ आहे, असे धरू. तर एका चाकास सुमारे १२८ व दोन्ही मिळून २५६ न्यूटन-मीटर पीळ लागतो. पेटी व तिच्या पुढील दांडे मिळून एकंदर गुणोत्तर २५ आणि कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर सुकाणूचक्रावर १४.६ न्यूटन-मीटर पीळ येतो. चक्राची त्रिज्या २० सेंटिमीटर असल्यास हातास सुमारे ७३ न्यूटन, म्हणजे साडेसात किलो वजन उचलण्याइतका जोर लावावा लागेल. एकंदर गुणोत्तर २० केले की तोच आकडा ९१ न्यूटनांवर जातो. सांध्यांतील घर्षण आणि चाके वळताना गाडीचे नाक किंचित उचलले जाते त्याचे ओझे यात धरलेले नाही.

या सूत्रात भाराचा घातांक दीड आहे, हे विशेष. भार वीस टक्क्यांनी वाढला तर पीळ एकतीस टक्क्यांनी वाढतो. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या आणि अनेक वर्षे टॅक्सी म्हणून धावलेल्या प्रीमियर पद्मिनीचे वजन सुमारे ९०० किलोग्रॅम होते. त्यातील निम्मे पुढच्या चाकांवर धरले आणि हवेचा दाब तोच मानला, तर लागणारा पीळ वरील मस्टँगच्या निम्म्याहूनही कमी भरतो. साह्याविना पद्मिनी दिवसभर हाकता येई, याचे बरेचसे उत्तर या घातांकात आहे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. जुन्या गाडीचे सुकाणू जड लागते ही तक्रार नेहमीच रचनेची नसते. टायरांत हवा कमी असणे, चेंडूसांध्यांतील वंगण सुकणे, पेटीची जुळणी फाजील घट्ट असणे किंवा चाकांचे कोन बिघडलेले असणे यांपैकी काहीही कारण असू शकते. आजारी यंत्रणेवर साह्य बसविले की जडपणा झाकला जातो, आजार मात्र राहतो. पुढची चाके उचलून, दांडे पेटीपासून सोडवून, चक्र व चाके वेगवेगळी फिरवून पाहिल्यास घर्षण कोठे दडले आहे ते अर्ध्या तासात कळते. या तपासणीनंतर काही मालकांचा रूपांतराचा बेतच रद्द होईल, आणि त्यात वाईट काही नाही.

तरीही ज्याच्या खांद्याला वयोमानाने किंवा दुखापतीने ७३ न्यूटन झेपत नाहीत, त्याच्यापुढे गाडी विकणे किंवा साह्य बसविणे हेच दोन मार्ग उरतात. साह्याची कल्पना जुनीच आहे. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ मध्ये तेलाच्या दाबावर चालणारे सुकाणू प्रत्यक्ष गाडीत चालवून दाखविले होते. प्रवासी गाड्यांच्या बाजारात ते आले क्रायस्लरच्या इंपीरियलमधून, १९५१ साली.

मस्टँगसाठी फोर्डने जी पद्धत वापरली तीत पेटी साधीच राहते. साह्य दांड्यांवर दिले जाते. इंजिनावरील पट्ट्याने फिरणारा पंप तेलाला दाब देतो. पेटीतून निघालेली पिटमन भुजा जेथे मधल्या दांड्याला मिळते तेथे एक झडप असते. चालकाने चक्र फिरविले की भुजा प्रथम या झडपेतील सरकता गाभा किंचित हलविते, तेल सिलिंडरच्या एका बाजूस जाते आणि दट्ट्या दांड्याला त्याच दिशेने ढकलतो. दांडा सरकला की झडप पुन्हा मध्यावर येते व साह्य थांबते. रचना सोपी, परंतु तिचा गाभा अचूक मध्यावर बसविणे हे नाजूक काम आहे. तो जरा कलला असेल, तर इंजिन सुरू होताच सुकाणूचक्र आपोआप एका बाजूस ओढ घेते. म्हणून ही जुळणी पुढची चाके जमिनीपासून उचलून आणि हात चक्रापासून दूर ठेवूनच तपासावी लागते. नळ्यांच्या जोडांतून तेल गळणे हा या पद्धतीचा दुसरा, ख्यातनाम दोष. तिच्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच, पण ते थोडे नाही, की ती त्या गाडीची स्वतःची आहे. मात्र पिटमन भुजा, मधला दांडा व आधारभुजा हे भाग साध्या गाडीत वेगळे असतात; ते सर्व बदलल्याविना जोडकाम होत नाही.

दुसऱ्या पद्धतीत झडप आणि दट्ट्या दोन्ही नव्या पेटीच्या पोटात असतात. बाहेर नळ्या कमी, गळती कमी. पण येथे साह्याचे बळ पेटीतच निर्माण होते आणि त्याची प्रतिक्रिया पेटीचे बोल्ट व त्यांमागील पत्रा यांवर येते. मस्टँगला स्वतंत्र सांगाडा नाही. पेटी पातळ पत्र्याच्या पोकळ तुळईला जखडलेली असते. साठ वर्षांचा गंज त्यात मिळविला म्हणजे आतून मजबुती दिल्यावाचून नवी पेटी लावणे हे धाडस ठरते. पंपाचा प्रवाह पेटीच्या गरजेहून अधिक असला तर चक्र इतके हलके होते की महामार्गावर गाडी सरळ ठेवणे कठीण जाते. हा दोष दोन वेगवेगळ्या कारखान्यांचे पंप व पेटी एकत्र आणल्याने पुष्कळदा उद्भवतो.

तिसरी पद्धत विजेची. १९८८ मध्ये जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत विद्युत साह्य प्रथम आले आणि आता नव्या गाड्यांत तेच सर्वसाधारण झाले आहे. चक्राच्या दांड्यावर पीळ मोजणारा संवेदक व मोटर बसविली की काम भागते; तेल नाही, पट्टा नाही आणि बाहेरून काही दिसतही नाही. परंतु १९६५ च्या मस्टँगमध्ये चक्रापासून पेटीपर्यंतचा दांडा एकसंध आहे. तो कापून दोन सांधे घालावे लागतात, आणि त्या सांध्यांच्या जोडणीवर चालकाचा जीव असतो. (समोरून धडक बसल्यास तो अखंड दांडा भाल्यासारखा चालकाच्या छातीवर येण्याचा धोका होता, त्या दृष्टीने तो तुटणे हे नुकसान नव्हे.) गाडी जागीच वळविताना मोटर काही क्षण तीस-चाळीस अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढू शकते, आणि त्या काळच्या आल्टर्नेटरची एकूण क्षमताच चाळिसाच्या आसपास. आणखी एक गोष्ट. दुसऱ्या गाडीतून काढून आणलेल्या यंत्रणेला वेगाची सूचना मिळाली नाही, तर तिच्यातील काही प्रकार सर्व वेगांना एकच साह्य देत राहतात. मग चालक एका लहान खुंटीने साह्य कमीजास्त करतो. शहरात सोयीचे साह्य महामार्गावर फाजील ठरते, हे अशा चालकास लवकरच उमजते.

कोणतीही पद्धत निवडली तरी दोन प्रश्न टळत नाहीत. पहिला कॅस्टर कोनाचा. चाक ज्या अक्षाभोवती वळते तो मागे कललेला असला म्हणजे चाके आपोआप सरळ होऊ पाहतात. पण हाताचे कष्टही वाढतात. म्हणून साध्या सुकाणूच्या गाडीत हा कोन अल्प ठेवीत. साह्य आल्यावर तो तसाच ठेवला, तर वळणानंतर चक्र आळसावून परत येते आणि रस्त्याची जाणीव हाताला पोचत नाही. तो तीन-चार अंशांपर्यंत वाढविल्याने हरवलेली जाणीव पुष्कळशी परत मिळते. साह्यास दोष देण्यापूर्वी हा कोन मोजावा.

दुसरा प्रश्न साह्य अचानक बंद पडण्याचा. जुनी १९.९ ची पेटी कायम ठेवून विद्युत साह्य दिले असेल, तर ते गेल्यावर गाडी साधारणतः पूर्वीइतकीच जड होते. १६ ची पेटी बसविली असेल, तर ती पूर्वीपेक्षा एक चतुर्थांशाने जड होते. आणि पंप मृत झाला असल्यास नळ्यांतील तेलाचा अडथळा वेगळाच. धावत्या गाडीत हा फरक निभावतो, कारण चाक फिरू लागताच लागणारा पीळ झपाट्याने उतरतो. चौकातील मंद, तीव्र वळणावर मात्र हलक्या चक्राला सरावलेला हात एकाएकी अपुरा पडतो. दुखऱ्या खांद्यासाठी रूपांतर करवून घेणाऱ्याला नेमका हाच प्रसंग सर्वांत महाग पडेल. त्याने जुनी पेटी राखून विद्युत साह्य घेणे अधिक शहाणपणाचे. चपळतेची हौस भागविण्यासाठी १६ ची पेटी दुसऱ्या कोणी घ्यावी.

जुन्या गाडीच्या अस्सलपणाचा वाद येथे उपस्थित होतोच. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्यूरिन सनद याबाबत व्यवहार्य भूमिका घेते : आवश्यक बदल बेताचे व पुढेमागे उलटविता येतील असे असावेत, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीबरोबर जपून ठेवावेत. या कसोटीवर फोर्डची दांड्यांवरील पद्धत सहज उतरते, कारण तिच्यातील सर्व भाग बोल्टांनी सुटतात. विद्युत पद्धतीत मूळ दांडा कापण्याऐवजी बाजारातील दुसरी पेटी व दांडा आणून ते कापावेत. अस्सल जोडी वंगण लावून, गाडीचा क्रमांक लिहून बाजूला ठेवावी. खर्च वाढतो, पण कापलेला दांडा पुन्हा अखंड होत नाही.