विम्याचे कवच आणि घराचा उंबरठा

गुडघ्याचे सांधेरोपण झालेल्या रुग्णाला आजकाल रुग्णालय काही दिवसांतच घरी पाठवते. पक्षाघाताचा रुग्णही प्रकृती स्थिरावताच घरी येतो. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असे आपण नातेवाइकांना कळवतो; परंतु गुडघा किती वाकेल, हातात पुन्हा लेखणी धरता येईल की नाही, हे पुढील काही आठवड्यांच्या फिजिओथेरपीवर अवलंबून असते. पुण्यात या विषयाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. ज्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी 'इंडस' हा भारतीय बनावटीचा कृत्रिम गुडघा विकसित केला, त्यांचे हे कार्यक्षेत्र.

आपली बरीच कुटुंबे भवानी पेठ, रविवार पेठ, नाना पेठ अशा भागांतील जुन्या इमारतींत राहतात. तेथे दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून रुग्णाला रोज खाली आणणे अवघड असते. म्हणून फिजिओथेरपिस्टला घरी बोलवावे लागते. एका भेटीचे सहाशे रुपये धरले, तरी सहा आठवड्यांच्या बेचाळीस भेटींचे २५,२०० रुपये होतात. हा खर्च विम्यातून मिळेल का, हा प्रश्न मग उभा राहतो आणि तो बहुधा उशिरा विचारला जातो.

शासकीय योजना कोठवर पोहोचतात?

महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने तिचे संरक्षण प्रति कुटुंब वार्षिक ५ लाख रुपये झाले आणि कोणत्याही रंगाच्या शिधापत्रिकाधारकांना ती खुली झाली. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ ची. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, तिचा लाभ मिळू लागला. खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड काढता येते. आपल्या घरातील ज्येष्ठांनी ते अवश्य काढावे.

तथापि या योजना मुळात रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहेत. आयुष्मान भारतमध्ये घरी सोडल्यानंतरचा पंधरा दिवसांपर्यंतचा औषधोपचार व तपासण्यांचा खर्च धरला जातो. बाह्यरुग्ण उपचार वगळलेले आहेत. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे सहा आठवड्यांचे शुल्क यातून निघेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

सरकारी विमा कंपन्यांची पॉलिसी

न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या सार्वजनिक क्षेत्रातील चार सर्वसाधारण विमा कंपन्या. मेडिक्लेम पॉलिसीत साधारणपणे दाखल होण्यापूर्वीचे तीस आणि घरी आल्यानंतरचे साठ दिवस धरलेले असतात. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीतही हाच कालावधी आहे. ज्या आजारासाठी रुग्ण दाखल झाला, त्याच आजाराचा पुढील खर्च या साठ दिवसांत मागता येतो. घरच्या फिजिओथेरपीला वाट आहे ती येथे.

परंतु दोन अडथळे लक्षात घ्यावेत. दाखल न होता नुसत्या पाठदुखीसाठी घेतलेले उपचार बाह्यरुग्ण उपचारांत मोडतात. ते आरोग्य संजीवनीत वगळलेले आहेत. दुसरे असे, की आंघोळ घालणे, कपडे बदलणे, आधार देऊन चालवणे अशी शुश्रूषा घरी घेतली, तरी तिचा खर्च प्रमाणित अपवादांमध्ये बसतो. म्हणजेच ब्यूरोकडून आलेल्या मदतनीस बाईंचा पगार मिळत नाही. तिचे आणि फिजिओथेरपिस्टचे बिल एकत्र केले, तर योग्य रक्कमही अडकण्याचा संभव असतो.

'घरी घेतली तरीही'

मी बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे एक उदाहरण जवळून परिचयाचे आहे. २५ मे २०१५ रोजी झालेल्या दहाव्या द्विपक्षीय करारानंतर बँक कर्मचाऱ्यांसाठी युनायटेड इंडियामार्फत समूह आरोग्य विमा सुरू झाला. त्यात एक छोटेसे कलम होते : डॉक्टरांनी सांगितलेल्या कालावधीपर्यंत फिजिओथेरपीचा खर्च, ती घरी घेतली तरीही, मिळेल. निवृत्तांना हप्ता स्वतः भरावा लागला, हेही खरे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेतही सांधेरोपणानंतर दोन आठवडे आणि पक्षाघातानंतर सहा आठवड्यांपर्यंत घरच्या उपचारांची तरतूद, तज्ज्ञांच्या सल्ल्याच्या अटीवर, केलेली आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते आणि त्यात नियमित थेरपीचाही समावेश आहे. ज्या घरात असे अपत्य आहे, त्यांनी ती चुकवू नये.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. घरची फिजिओथेरपी विम्यात बसत नाही, असा काही निसर्गनियम नाही. ज्यांच्या वतीने कोणी वाटाघाटी केल्या, त्यांना ते कलम मिळाले. दुकानदाराच्या मागे ना मालक असतो, ना कामगार संघटना; तो एकेकटा पॉलिसी घेतो आणि छापील मजकूर मान्य करतो.

आपण काय करावे?

शस्त्रक्रिया ठरताच पॉलिसीतील 'घरी आल्यानंतरचा खर्च' हे कलम वाचावे आणि घरच्या फिजिओथेरपीबद्दल कंपनीला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांकडून उपचाराचे नाव, आठवडे आणि 'घरीच देणे आवश्यक' हा शेरा लिहून घ्यावा. फिजिओथेरपिस्टच्या बिलावर प्रत्येक भेटीची तारीख, सही आणि नोंदणी क्रमांक असावा. पैसे धनादेशाने किंवा यूपीआयने द्यावेत. रोखीने दिलेल्या रकमेचा पुरावा उरत नाही. रुग्णालयाचे बिल कॅशलेस झाले असले, तरी नंतरच्या खर्चाचा दावा वेगळा आणि मुदतीत पाठवावा लागतो. अनेकांचे पैसे केवळ याच कारणाने राहून जातात.

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी दाद मागावी. महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांचे कार्यालय पुण्यातच, नारायण पेठेत आहे. शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. मात्र कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी.

शेवटची सूचना आपल्या संस्थांसाठी. विम्याखेरीज अन्य उद्देशाने स्थापन झालेल्या गटाला समूह विमा घेता येतो. व्यापारी संघटना आणि समाजसंस्था या व्याख्येत बसू शकतात. पुढील समूह विम्याची बोलणी होतील तेव्हा हप्त्यात किती सूट, एवढेच विचारून थांबू नये. 'फिजिओथेरपी, घरी घेतली तरीही' हे शब्द पॉलिसीत घालण्याचा आग्रह धरावा. हप्ता त्यामुळे थोडा वाढेल; तो किती वाढतो, हे व्यापाऱ्याच्या सवयीने तोलून मगच सही करावी.