आभाळातला वाटाड्या

रस्त्यावर पाट्या असतात, मैलाचे दगड असतात. नाहीच कळलं तर टपरीवर थांबून विचारता येतं. आगगाडीला तर रूळच असतात. पण आभाळात वाट कोण दाखवणार? त्यातून खाली नुसता समुद्रच असला तर?

अशा वेळी छोट्या विमानाच्या वैमानिकाच्या मदतीला येतो रेडिओ बीकन. हा म्हणजे रेडिओचा दीपस्तंभच म्हणा ना! विमानतळाजवळ किंवा एखाद्या बेटावर त्याची अँटेना उभारलेली असते. तिथून चहूकडे सतत रेडिओलहरी जात असतात. बीकन मोर्सच्या सांकेतिक भाषेत आपलं नावही सांगत राहतो. वैमानिक आधी ते ऐकून खात्री करून घेतो, की हा आपल्याला हवा तोच बीकन आहे. त्याच्यासमोरच्या तबकडीवरचा काटा बीकनकडे वळून थांबतो. काटा सरळ वर असला, म्हणजे बीकन नाकासमोर. विमान बीकनवरून पुढे गेलं, की काटा गर्रकन फिरून शेपटीकडे वळतो. गंमत आहे ना?

काट्याला हे कळतं कसं? घरी जुना ट्रान्झिस्टर असेल तर करून बघा. मीडियम वेव्हवर लांबचं एखादं केंद्र लावा आणि ट्रान्झिस्टर आडवा धरून हळूहळू गोल फिरवा. एका ठिकाणी आवाज अगदी बारीक होईल. आतल्या अँटेनाच्या कांडीचं टोक त्या वेळी केंद्राकडे असतं. विमानातलं यंत्र याच युक्तीनं दिशा शोधतं. पण कांडीला टोकं दोन! मग केंद्र पुढे की मागे? ते ठरवायला विमानात आणखी एक अँटेना असते.

मात्र एक लक्षात ठेवा. हा काटा फक्त दिशा सांगतो, अंतर नाही. शिवाय वीज कडाडली, की तिच्यातूनही रेडिओलहरी निघतात. मग काटा बीकन सोडून चक्क ढगाकडे बोट दाखवतो! वाऱ्याचाही हिशेब ठेवावा लागतो. नावाडी पैलतीरावर नाव नेताना तिचं तोंड थोडं प्रवाहाच्या उलट ठेवतो की नाही? वैमानिकालाही तसंच करावं लागतं. म्हणून चांगला वैमानिक काटा बघतो, होकायंत्र बघतो, घड्याळ बघतो आणि नकाशाशी ताडून पाहतो.

आणि काटाच बिघडला तर?

डिसेंबर १९७८ मधली ही खरी गोष्ट. जे प्रॉचनाऊ नावाचे अमेरिकन वैमानिक एकटेच छोटं सेस्ना विमान घेऊन पॅसिफिक महासागरावरून निघाले होते. पागो पागोहून नॉरफोक बेटावर जायचं होतं. अंतर सुमारे २,७०० किलोमीटर आणि बेट जेमतेम ८ किलोमीटर लांब! ठरल्या वेळी त्यांनी खाली पाहिलं, तर बेटाचा पत्ताच नाही. बीकनची दिशा दाखवणारं यंत्र बिघडलं होतं. आपण कुठे आहोत, हेच त्यांना कळेना. खाली पाणी, टाकीत मोजकं इंधन आणि दिवस मावळतीला आलेला.

त्यांची हाक ऐकून एअर न्यूझीलंडचे कॅप्टन गॉर्डन व्हेट आपलं प्रवासी विमान घेऊन शोधाला लागले. त्यांनी काय युक्ती केली असेल? ते म्हणाले, हात लांब करा आणि सूर्य क्षितिजापासून किती बोटं वर आहे ते मोजा. प्रॉचनाऊंची भरली चार बोटं आणि व्हेट यांची दोन. आता सांगा बरं, मावळतीचा सूर्य कुणाला जास्त उंच दिसेल? जो पश्चिमेला असेल त्याला! म्हणजे सेस्ना पश्चिमेकडे होतं. मग रेडिओवरचा आवाज कुठे ऐकू येतो नि कुठे बंद होतो, सूर्य कुणाला कधी मावळताना दिसला, अशा खुणांनी शोधाचं वर्तुळ लहान होत गेलं. अखेर अंधारात प्रॉचनाऊंना समुद्रावर दिवे दिसले. जहाजानं ओढून नेला जाणारा तो तेलविहिरीचा तराफा होता. त्याची जागा ठाऊक असल्यामुळे नॉरफोकची वाट सापडली. तब्बल २३ तास ५ मिनिटं हवेत राहून प्रॉचनाऊ सुखरूप उतरले!

आता उपग्रह विमानाची जागा क्षणात सांगतात. त्यामुळे बऱ्याच देशांत हे जुने बीकन एकेक करून बंद होत आहेत. तरी एकाच यंत्रावर विसंबायचं नाही, हा धडा वैमानिकांना आजही गिरवावा लागतो.

तुम्हीही बोटांनी उंची मोजून पाहा. पण सूर्यावर नको हं, डोळ्यांना इजा होईल. संध्याकाळी चंद्र निघाला, की त्याची मोजा, तासाभरानं पुन्हा मोजा आणि किती बोटांचा फरक पडला ते वहीत लिहून ठेवा.