बाज्जोला नको म्हणणारा प्रशिक्षक

१९९७ च्या उन्हाळ्यात इटलीचा फुटबॉलपटू रोबेर्तो बाज्जो पार्मा क्लबकडून खेळायला तयार होता. जगातल्या कुठल्याही प्रशिक्षकाने पायघड्या घातल्या असत्या. पार्माच्या ३८ वर्षांच्या कार्लो आन्चेलोत्तीने मात्र नको म्हटलं. का, तर त्याच्या ४-४-२ च्या रचनेत (चार बचावपटू, चार मध्यरक्षक, दोन आघाडीपटू) बाज्जोला जागाच नव्हती!

हा हट्ट आला होता त्याचा जुना प्रशिक्षक आरिगो साक्की याच्याकडून. आन्चेलोत्ती मूळचा मध्यरक्षक. गुडघ्याच्या दुखापतींनी त्याचा १९८२ चा विश्वचषक आणि रोमाचा १९८४ चा युरोपियन कप अंतिम सामना हिरावून घेतला. तरीही १९८७ मध्ये साक्कीने त्याला मिलानला आणलं, कारण हा गडी पायांपेक्षा डोक्याने जास्त धावायचा. साक्की सरावात चेंडूच काढून घ्यायचा. बचाव, मधली फळी आणि आघाडी यांनी अंतर न तुटू देता एकत्र सरकायचं, एवढंच घोटून घ्यायचा. त्यातून १९८९ आणि १९९० चे युरोपियन कप आले. असा गुरू लाभलेला शिष्य पोथीनिष्ठ न होता तरच नवल. बाज्जो वावरायचा नेमका मधली फळी आणि आघाडी यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यात, आणि पोथीत त्या पट्ट्याला नावच नव्हतं.

नाकारलेला बाज्जो बोलोन्याला गेला आणि त्याने त्या मोसमात लीगमध्ये २२ गोल ठोकले.

पुढे युव्हेंटसमध्ये आन्चेलोत्तीला त्याच मोकळ्या पट्ट्यात खेळणारा झिदान मिळाला, आणि या वेळी मोडली ती रचना. खरी गंमत त्यानंतरची आहे. २००१ मध्ये ब्रेशिया संघात आंद्रेआ पिर्लो नावाचा तरुण होता. त्याची आवडती जागा आघाडीच्या मागची, पण तिथे खुद्द बाज्जो खेळत होता. म्हणून प्रशिक्षक मात्सोने यांनी पिर्लोला मागे, बचावफळीच्या पुढ्यात नेलं. तिथे अंगावर धावून येणारे कमी आणि अख्खं मैदान समोर. मिलानला आल्यावर आन्चेलोत्तीने तीच जागा त्याच्या नावे केली. सहसा दणकट, चेंडू हिसकावणाऱ्या खेळाडूची ती जागा. तिथे हा किरकोळ अंगाचा पोरगा उभा राहून चाळीस-चाळीस मीटरचे पास टाकू लागला. मिलानने २००३ आणि २००७ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली. (मधला २००५ चा इस्तंबूलचा अंतिम सामना, तीन गोलांची आघाडी सहा मिनिटांत गेली तो, मिलानच्या चाहत्यांसमोर काढू नये.)

मग खेळाडू पाहून रचना बदलायची ही खोडच आन्चेलोत्तीला जडली. रेआल माद्रिदमध्ये बेन्झेमा निघून गेला, तर त्याने बेलिंगहॅमला दोन आघाडीपटूंच्या मागे मोकळं सोडलं. त्या मध्यरक्षकाने ला लीगात १९ गोल केले. प्रशिक्षक म्हणून पाच चॅम्पियन्स लीग आन्चेलोत्तीखेरीज कोणाच्याही नावावर नाहीत. इटली, इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, स्पेन या पाचही देशांची लीग जिंकणाराही तोच पहिला.

२०२५ च्या मे महिन्यात त्याने ब्राझीलची सूत्रं घेतली. इतका नाणावलेला माणूस, तरी पेलेच्या देशाने प्रशिक्षक बाहेरून आणावा, हे तिथल्या अनेकांच्या घशाखाली उतरलेलं नाही.